सत्तेचाळीसच्या फोर्डला शांत मफलर: डायनोमॅक्स सुपर टर्बो, एक अख्खा सीझन वापरून

आधीच सांगून टाकतो, ज्यांना आपली गाडी चार गल्ल्या पलीकडं ऐकू गेली पाहिजे असं वाटतं त्यांनी हे वाचून वेळ घालवू नये. मी पण एकेकाळी त्यातलाच होतो. कोल्हापुरात कॉलेजला असताना मित्राच्या बुलेटची पुंगळी काढून आम्ही राजारामपुरीतनं फिरायचो आणि म्हातारी माणसं शिव्या घालायची, तेव्हा ते लई भारी वाटायचं. आता वय पंचेचाळीस, राहतो डेट्रॉइटच्या शेजारी ट्रॉयमध्ये, आणि तोच आवाज डोक्याच्या मागं दीड फुटावर सलग दोन तास ऐकला की माणूस बदलतो.

गाडी म्हणजे १९४७ ची फोर्ड कूपे. स्वातंत्र्याच्या वर्षीची म्हणून घेतली असं मी लोकांना सांगतो, खरं कारण म्हणजे बजेटमध्ये तीच बसली. १९४० ची कूपे सगळ्यांना हवी असते त्यामुळं तिचे भाव वेगळेच असतात, ४६ ते ४८ च्या जाड मडगार्डवाल्या गाड्या त्या मानानं परवडतात. मूळ इंजिन २३९ क्युबिक इंचाचं फ्लॅटहेड व्ही८, १०० हॉर्सपॉवरचं, ते आधीच्या मालकानं कधीच काढलेलं आणि त्या जागी शेवरलेचं ३५० बसवलेलं, मागं ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोर्डमध्ये शेवीचं इंजिन म्हणजे इथल्या काही म्हाताऱ्यांच्या दृष्टीनं महापाप आहे पण हॉट रॉडवाल्यांत (म्हणजे जुन्या गाडीत ताकदीचं इंजिन टाकून फिरणारे लोक) हे पाप इतकं जुनं झालंय की आता ती परंपराच म्हणायची.

गाडी आली तेव्हा खाली ग्लासपॅक जातीचे मफलर होते (मफलर म्हणजे आपल्याकडं ज्याला सायलेन्सर म्हणतात तो). ग्लासपॅक म्हणजे सरळ भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती फायबरग्लास गुंडाळलेलं, वरनं पत्रा. नवीन असताना ठीक असतात पण ते फायबरग्लास उष्णतेनं जळत आणि उडत जातं आणि मग उरते नुसती भोकांची नळी. माझे किती वर्षांचे होते देव जाणे, आत काय शिल्लक होतं ते काढल्यावर कळलं. काही नाही. हलवल्यावर खुळखुळ्यासारखं वाजत होतं एवढंच.

बायको पहिल्यांदा बसली, हायवेला लागलो, पाच मिनिटांनी तिनं फोन काढून मला मेसेज केला, शेजारच्या सीटवरनं, की पुढच्या एक्झिटला वळव. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही, जवळपास एक वर्ष.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, रात्री जागून व्हिडिओ बघितले. आणि इथंच पहिली चूक होते, म्हणजे माझी तरी झाली. व्हिडिओत काय असतं, गाडी उभी असते, मागं मोबाईल धरलेला असतो, एकजण इंजिन चालू करतो, आयडलला गडगड गडगड, मग दोन वेळा रेस मारतो, संपलं. त्यावरनं तुम्हाला हे कळतं की फुटपाथवर उभ्या माणसाला गाडी कशी वाटेल. आत बसलेल्याला ६५ मैलांच्या स्पीडला काय वाटेल हे त्यावरनं घंटा कळत नाही. मी असाच एक व्हिडिओ बघून एक चेंबरवाला, म्हणजे आत पत्र्याच्या भिंती असलेला मफलर घेतला, छोट्या बॉडीचा (ब्रँडचं नाव घेत नाही, वस्तू वाईट नव्हती, माझ्या गाडीला चुकीची होती), आणि जवळच्या एका दुकानात बसवून घेतला. त्या दुकानदारानं पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या आधीच संपवले, गाडीच्या पोटाखाली तोंड करून. म्हणाला सगळे असंच करतात. स्वस्तात झालं म्हणून मी पण खूश.

घरी येईपर्यंत डोकं दुखायला लागलं. मला वाटलं आवाजानं. आवाजानं होतंच, पण जुन्या गाडीच्या फ्लोअरला आणि डिकीला शंभर फटी असतात आणि पोटाखाली सोडलेला धूर त्यातनं आत येतो हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हेही सांगितलं. त्यामुळं बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल पण हे ऐका, पाइप अ‍ॅक्सलवरनं नेऊन थेट मागच्या बंपरच्या बाहेर काढा. आवाजासाठी पण आणि जिवासाठी पण. पोटाखाली तोंड सोडलं की फ्लोअरचा पत्राच ढोलाचं कातडं होतो.

आता ड्रोन. उडणारा नाही, इथं हॉट रॉडवाले ड्रोन म्हणतात ते म्हणजे एका ठराविक स्पीडला गाडीत जी घूंऽऽऽ भरते ती. कानात कमी आणि छातीत जास्त. वर किंवा खाली गेलं की जाते, आणि साला नेमकी ज्या स्पीडला आपण दोन तास जाणार त्याच स्पीडला येते. यामागं गणित आहे आणि ते सोपं आहे. चार स्ट्रोकचं व्ही८ इंजिन दर फेऱ्याला चार वेळा पेटतं. माझ्या गाडीला मागं ३.५० चा गिअर, २८ इंची टायर, गिअरबॉक्सचा ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) ०.७०, म्हणजे ६५ मैलाला इंजिन साधारण १९०० आरपीएमवर. १९०० भागिले ६० गुणिले ४, आलं १२७ हर्ट्झ. आणि बंद डब्यासारखी छोटी कूपे, कमी इन्सुलेशन, नेमकी त्याच पट्टीला घुमते. तिसऱ्या गिअरवर टाकली की इंजिन २७०० च्या पुढं जातं आणि घूं गायब. पेट्रोल मात्र मीटरकडं बघवत नाही असं जातं.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप असतं ना, ते बहुतेक वेळा डीबीए दाखवतं. ए म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणं खालच्या पट्टीचे आवाज वजा करून दाखवायची पद्धत, १२५ हर्ट्झला ती तब्बल १६ डेसिबल कापते. म्हणजे ज्या आवाजानं तुमचं डोकं उठलंय तोच आकड्यात दिसत नाही. मी चेंबरवाला बसवून मोजलं तेव्हा ग्लासपॅकपेक्षा एक डेसिबल कमी आलं, ८७ चे ८६, आणि मी वेड्यासारखा खूश झालो, पण बायकोला बसवायला नेलं तर ती म्हणाली हे आधीपेक्षा वाईट आहे. मग अ‍ॅपमध्ये सी वेटिंग केलं, ते खालचा आवाज जवळजवळ कापतच नाही, तर १०६ चे १०९ झाले होते. बायको बरोबर होती. (हे वाक्य तिला दाखवणार नाहीये.) फोनचा माइक काही लॅबचा नाही त्यामुळं आकडे जसेच्या तसे धरू नका, फरक बघा.

ही सगळी अक्कल आल्यावर मी परत पहिल्यापासून शोधायला बसलो, या वेळी व्हिडिओ बंद.

ढोबळ मानानं तीन जातीचे पर्याय समोर होते. चेंबरवाले, यात फ्लोमास्टर हे सगळ्यात गाजलेलं नाव, कॅलिफोर्नियात १९८३ साली सुरू झालेली कंपनी, आत पत्र्याच्या भिंती असतात आणि आवाज त्यावर आपटून एकमेकाला मारतो. आत जळायला काही नाही त्यामुळं वर्षानुवर्षं आवाज तसाच राहतो, हा खरा फायदा. त्यांच्यातच ४० सिरीज म्हणजे तो रस्त्यावर ऐकू येणारा टिपिकल दणका, आणि ७० सिरीज मोठ्या डब्याची आणि बरीच शांत, पण तो डबा माझ्या गाडीखाली बसवायचा तर सीट वर उचलावी लागली असती. दुसरे सरळ नळीचे स्टेनलेसवाले, मॅग्नाफ्लो, बोर्ला वगैरे. यांची बांधणी सुंदर, वेल्डिंग बघत बसावं अशी, इंजिनाला मोकळा श्वास, आणि आवाज किती हे जवळपास पूर्णपणे बॉडीच्या लांबीवर. लांब बॉडी घ्यायला जागा असेल आणि खिसा मोकळा असेल तर मी पण तेच घेतलं असतं. तिसरे टर्बो मफलर.

टर्बो नावानं गोंधळू नका, याचा टर्बोचार्जरशी आता काही संबंध नाही, पण एकेकाळी होता. शेवरलेनं १९६२ मध्ये कॉर्व्हेअरचं टर्बो मॉडेल काढलं, त्याला जो मफलर होता त्यातनं हवा सहज जायची आणि आवाज तरी कमी, हे हॉट रॉडवाल्या पोरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो डीलरकडनं घेऊन आपापल्या गाड्यांना ठोकायला सुरुवात केली. नाव तेव्हापासून चिकटलं. आत नळी एस सारखी वळते, गॅस पुढं जातो, मागं येतो, परत पुढं जातो, आणि एवढ्या प्रवासात बराचसा दम सुटतो. डायनोमॅक्सचा सुपर टर्बो याच घराण्यातला, त्यात फायबरग्लासही भरलेलं असतं वरच्या पट्टीचा चरचराट कमी करायला. वॉकर ज्यांचा ब्रँड त्यांचाच हा, म्हणजे साध्या घरगुती गाड्यांचे मफलर बनवण्यात आयुष्य गेलेले लोक. मला हेच आवडलं खरं तर. ज्याला शांत मफलर बनवायची सवय आहे त्याच्याकडनं थोडा वात्रट मफलर घ्यावा, उलटं करू नये.

दोन मफलर घेतले, सव्वादोन इंची तोंडाचे, लांब बॉडीवाले, साधारण वीस इंच. सगळे म्हणाले अडीच इंची घे, ताकद मिळेल. माझं इंजिन जेमतेम ३०० हॉर्सपॉवरचं असेल, दोन पाइपांना वाटून घेतलं तर सव्वादोन इंच भरपूर झालं, आणि पाइप उगाच जाड केला की आवाज वाढतो हे नक्की. आणि ते जे कट्ट्यावर सांगतात ना की इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच, ते सोडून द्या. कुठल्याच इंजिनाला तुंबलेला पाइप आवडत नाही. पाइप फार जाड केला की गॅसचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला ओढ कमी होते, त्याला लोक बॅकप्रेशर गेलं म्हणतात, एवढंच.

बसवायला या वेळी दुसरीकडं गेलो, एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या चालवतात, पाइप वाकवायचं मशीन बहुतेक माझ्यापेक्षा वयानं मोठं असेल. नाव पत्ता देत नाही कारण आधीच त्यांच्याकडं तीन आठवडे थांबावं लागतं. काकानं गाडी लिफ्टवर घेतली, आधीचं काम बघितलं, काही बोलला नाही, फक्त पुतण्याला बोलावून दाखवलं. आमच्याकडं उद्यमनगरात असाच एक मिस्त्री होता, दुसऱ्याचं काम बघून नुसता जिभेनं च्च करायचा.

काकानं दोन गोष्टी सुचवल्या ज्या मी यादीत धरल्याच नव्हत्या. एक एच पाइप, म्हणजे डाव्या आणि उजव्या पाइपाला जोडणारी आडवी नळी. व्ही८ चा जो गडगडाट आपल्याला आवडतो तो येतो कुठून, तर शेवीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, विषम नंबर डावीकडं आणि सम उजवीकडं, आता बघा ८ आणि ४ लागोपाठ उजवीकडं पेटतात आणि ५ आणि ७ लागोपाठ डावीकडं. म्हणजे एकेका पाइपात ठोके समान अंतरानं पडत नाहीत, अडखळत पडतात. आडवी नळी टाकली की दोन्ही बाजू एकमेकींचा भार थोडा वाटून घेतात आणि आवाज मऊ होतो. एक्स पाइप, म्हणजे दोन्ही पाइप एक्ससारखे एकत्र येऊन परत वेगळे होतात तो, टाकला असता तर पट्टी थोडी वर जाते, जरा रेसिंग टाइप, मला ते या गाडीला शोभलं नसतं, आणि चासीच्या एक्स आकाराच्या आधाराच्या (एक्स-मेंबर) कचाट्यात जागा पण नव्हती.

दुसरी गोष्ट हँगर. आधीच्या कामात पाइप लोखंडी पट्ट्यांनी थेट चासीला घट्ट आवळलेले होते, म्हणजे पाइपाची सगळी थरथर सरळ चासीत आणि तिथून बॉडीत. काकानं सगळीकडं रबरी हँगर लावले आणि पाइप आणि अ‍ॅक्सल आणि फ्लोअर यांच्यात बोटं जातील एवढी फट ठेवली. मला अजूनही वाटतं की मफलरच्या बरोबरीनं या वीस-तीस डॉलरच्या रबरांनी काम केलं. जर कुणी शांत मफलर घेऊन पण आवाज तसाच आहे म्हणून वैतागला असेल तर आधी गाडीखाली जाऊन हँगर हातानं हलवून बघा, आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातनं धूर बाहेर येतो तो पहिला भाग) गास्केटमधनं टिकटिक येते का बघा. गळती असेल तर वरनं सोन्याचा मफलर लावला तरी उपयोग नाही.

निकाल असा. आयडलला आवाज आहे, व्ही८ आहे हे कळतं, गॅरेजमध्ये चालू केली तर शेजारचं कुत्रं अजून भुंकतं पण पळून जात नाही. जोरात पाय दाबला तर पुढनं कार्ब्युरेटरचा हुंकार आणि मागनं खर्जातला आवाज, बास, अंगावर येत नाही. ६५ ला आत ए वर ८० आणि सी वर ९८. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा, म्हणजे चेंबरवाल्याच्या १०९ पेक्षा निम्म्याहून खाली आला. इंजिनाची ताकद कमी झाली का, मला तर जाणवली नाही, ५००० च्या वर कुणी मोजलं तर कदाचित काही दिसेल, पण मी ५००० ला जातोच कधी.

पण घूं पूर्ण गेली नव्हती. १९०० ला अजून होतीच, दबलेली, पलीकडच्या खोलीत मिक्सर चालू असल्यासारखी. मग शेजारच्या आजोबांनी (रिटायर्ड, आयुष्यभर कार कंपनीत) ‘जे’ पाइपची आयडिया सांगितली. मेन पाइपाला एक फाटा काढायचा, इंग्रजी जे सारखा वळवून मेन पाइपाला समांतर न्यायचा आणि त्याचं टोक बुच मारून बंद. आवाज त्या फाट्यात जातो, बंद टोकाला आपटून परत येतो, आणि लांबी बरोबर असेल तर नेमका उलटा होऊन येतो आणि मूळ आवाजाला खातो. लांबी म्हणजे आवाजाच्या वेगाला फ्रिक्वेन्सीच्या चौपटीनं भागायचं. फाट्यातला गॅस साधारण २०० डिग्री सेल्सिअस धरला तर आवाजाचा वेग सेकंदाला ४३६ मीटर, भागिले ४ गुणिले १२७, आलं ८६ सेंटीमीटर, ३४ इंच. खरं तापमान कुणाला माहीत, म्हणून आम्ही मुद्दाम लांब कापले आणि बंद टोक आत-बाहेर सरकवता येईल असं ठेवलं, एक रविवार नुसतं हायवेवर जा, परत या, दोन इंच आत, परत जा. तेहतीस इंचाला बसलं. मग वेल्ड करून टाकलं. सी वर ९८ चे ९१. आणि आकडा सोडा, बायकोनं एकदा गाडीत बसून तिच्या बहिणीला पुण्याला फोन लावला आणि चाळीस मिनिटं बोलली. मला आता वाटतं थोडा आवाज राहिला असता तरी चाललं असतं.

वाईट काय तेही लिहितो. दिसायला म्हणाल तर राखाडी पत्र्याचा चपटा डबा, कोणी वाकून फोटो काढणार नाही. स्टील अ‍ॅल्युमिनाइज्ड आहे, म्हणजे वरनं अ‍ॅल्युमिनियमचा थर, स्टेनलेस नाही, त्यामुळं मिशिगनमध्ये जी गाडी हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर चालते तिला हा मी लावणार नाही, माझी नोव्हेंबर ते एप्रिल झाकून असते म्हणून चाललं. लांब बॉडीमुळं गाडीखालची उंची कमी झाली, मॉलमधल्या स्पीडब्रेकरवर तिरकं जावं लागतं, एकदा घासलाय. आणि घेताना तोंडं कुठं आहेत ते नीट बघा, मधे की कडेला, दोन्हीकडं कडेला की एकीकडं मधे, मी पहिल्यांदा चुकीचे मागवले आणि परत पाठवायचा खर्च अंगावर पडला.

पैसे म्हणाल तर दोन मफलर मिळून दोनशे डॉलरच्या आत, पाइप आणि मजुरी साडेपाचशे, ‘जे’ पाइपांना लोखंडाचे तीस-चाळीस आणि आजोबांना एक डबा बाकरवडी. आधी चुकीच्या मफलरवर आणि चुकीच्या दुकानावर घालवलेले वेगळे, ते मी बायकोला सांगितलेले नाहीत.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला नेली होती. १९९५ ला फर्नडेलमध्ये पोरांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला म्हणून सुरू झालेला प्रकार, आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर मुंगीच्या पावलानं गाड्यांची रांग. त्या वेळी आई-बाबा कोल्हापूरहून आले होते. आईला आधी फोनवर सांगितलेलं की मफलर बदललाय, ती म्हणाली अरे ऑगस्टात कसली थंडी. बाबा पुढं बसले. आमच्या एका बाजूला कुणाचीतरी उघड्या पाइपाची गाडी, दुसऱ्या बाजूला अजून एक, दोघं एकमेकांना रेस मारून दाखवतायत, आणि मधे आम्ही काच खाली करून गप्पा मारत. बाबा म्हणाले, "हिचं इंजिन चालू आहे न्हवं?" मी म्हटलं हो. मग परत पाच मिनिटांनी, "नक्की?"

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांचं एकच, जरा चालू करून दाखव की. मी नाही म्हणतो, कारण थंडीत दोन मिनिटं चालू करून बंद केली की मफलरमध्ये पाणी साठतं आणि आतनं गंज धरतो. एप्रिलमध्ये दाखवतो म्हटलंय.